लोकर खरी की खोटी, हे प्रकाशाला कसं कळतं? ठाण्याच्या गिरणीपासून तुमच्या केसांपर्यंत पोचणाऱ्या एका स्प्रिंगची गोष्ट

डिसेंबर आला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेलं रील फिरायला लागतं. कोणीतरी शालीचा एक धागा ओढतो, त्याला लायटर लावतो आणि म्हणतो, "बघा, जळलेल्या केसांचा वास आला, म्हणजे माल ओरिजिनल." खाली कमेंटमध्ये लोक आपापल्या शाली घेऊन बसलेले. कोणाची डोंबिवली स्टेशनबाहेरून घेतलेली, कोणाची ठाण्याच्या गोखले रोडवरून, कोणाची थेट श्रीनगरहून आणलेली आणि पश्मिना म्हणून पैसे मोजलेली.

लायटरची ही टेस्ट अगदीच फेकू नाही. लोकर सावकाश जळते, ज्योत बाजूला केली की बहुतेक वेळा आपणहून विझते, मागे राहिलेली राख बोटांनी चुरता येते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. रेयॉन म्हणजे व्हिस्कोस कागदासारखं भुरकन पेटतं. पण धागा लोकर आणि अ‍ॅक्रिलिकच्या मिश्रणाचा असेल तर? किंवा रेशमाचा असेल तर? रेशीम जळल्यावरही केसांसारखाच वास येतो. इथे लायटर गप्प बसतो.

मग प्रयोगशाळेत काय करतात? धाग्यावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतात आणि त्याच्या आतले रेणू कसे थरथरतात ते बघतात. या पद्धतीला कंपन वर्णपटशास्त्र म्हणतात. इंग्रजी नाव व्हायब्रेशनल स्पेक्ट्रोस्कोपी. नाव जड आहे, पण त्यामागची गोष्ट चक्क गिरण्यांमध्ये घडलेली आहे. आणि गिरण्या म्हटल्या की ठाणे-कल्याण पट्ट्याला वेगळं काही सांगायला नको.

आधी थोडं ठाण्याबद्दल

पोखरण रोडवरच्या जेकेग्रामला आज उंच टॉवर दिसतात. तिथे रेमंडची लोकरीची गिरणी होती. १९२५ मध्ये ठाण्यात सुरू झालेली ही गिरणी १९४४ मध्ये सिंघानिया घराण्याकडे आली. २००९ च्या अखेरीस इथलं उत्पादन थांबलं. ज्या शहरात वर्षातले दहा महिने घाम पुसावा लागतो, त्या शहराचं नाव देशभर सुटाच्या लोकरी कापडामुळे पोचलं, ही जरा गंमतच.

याच ठाण्यात कोलशेत रोडला वूल रिसर्च असोसिएशन आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेली आणि केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाशी जोडलेली ही संस्था लोकर आणि लोकरीच्या कापडावर संशोधन आणि चाचण्या करते. म्हणजे लोकरीचं शास्त्र ठाणेकरांच्या अगदी दाराशी आहे, फक्त बसमधून जाताना ती पाटी कोणी वाचत नाही.

थोडं पुढे, कल्याणच्या पलीकडे, शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि मोहोन्याला एनआरसी. एनआरसी बंद पडली तेव्हा कामगारांच्या किती घरांवर काय ओढवलं ते त्या भागात अजूनही सांगतात. हे रेयॉन लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

लोकरीच्या आत काय असतं?

लोकर, तुमचे केस, नखं, घोड्याची शेपटी आणि साळिंदराचे काटे. हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. या माळेला पॉलीपेप्टाइड साखळी म्हणतात.

माळ सरळ पडलेली नसते. केराटिनमध्ये तिचा बराच भाग गोल जिन्यासारखा वळत वर जातो. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची गुंडाळलेली वायर आठवते? तसंच. या वळणाला अल्फा हेलिक्स म्हणतात. एका पूर्ण फेऱ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात आणि एका फेऱ्यात साखळी ५.४ अँगस्ट्रॉम वर चढते. अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

ही स्प्रिंग सुटत का नाही? कारण साखळीतल्या प्रत्येक कार्बन-ऑक्सिजन जोडीतला ऑक्सिजन आपल्यापासून चार घरं पुढच्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनला धरून ठेवतो. हा हायड्रोजन बंध. एकटा असेल तर कमकुवत, पण रांगेत शेकडो असले की भक्कम.

रेशमातही प्रथिनाचीच माळ असते, पण तिथे ती जवळजवळ पूर्ण ताणलेली असते. शेजारी शेजारी साखळ्या झोपलेल्या, चटईच्या पट्ट्यांसारख्या. याला बीटा शीट म्हणतात. लोकरीचा धागा ओढला तर त्यातली स्प्रिंग लांबते आणि सोडला की परत येते. पैठणीचं रेशीम ओढून बघा (जपून, महाग आहे), ते तितकं ताणलं जात नाही, कारण आत ताणायला फारसं काही उरलेलंच नाही. स्वेटर ताणला जातो त्यात विणीच्या टाक्यांचाही मोठा वाटा असतो, हे खरं. पण एकट्या धाग्यातही हा फरक दिसतो.

एक सर्दी, एक कागद आणि घोड्याचा केस

हे सगळं कळलं कसं? सुरुवात इंग्लंडमधल्या लीड्स या लोकरीच्या शहरात झाली. तिथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात लोकरीवर आणि केसांवर क्ष-किरण टाकले. साध्या लोकरीचा नमुना एक, ओल्या वाफेत ताणलेल्या लोकरीचा नमुना दुसरा. त्यांनी पहिल्याला अल्फा आणि दुसऱ्याला बीटा म्हटलं. आज सगळं जीवशास्त्र वापरतं ती ही नावं अशी लोकरीतून आली.

साध्या लोकरीत अ‍ॅस्टबरींना ५.१ अँगस्ट्रॉमवर एक ठळक खूण दिसत होती. तिचा अर्थ लागत नव्हता.

१९४८ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग ऑक्सफर्डला होते आणि सर्दीने आजारी पडले होते. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी कागदावर साखळी काढली आणि कागद दुमडत बसले. दुमडता दुमडता हेलिक्स सापडली. पण गणिताने फेऱ्याची उंची ५.४ येत होती आणि लोकर सांगत होती ५.१. पॉलिंग थांबले. तब्बल तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासोबत त्यांनी तो शोध छापला.

केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी तो वाचला आणि त्यांच्या डोक्यात आलं की हे खरं असेल तर दर अमिनो आम्लामागे १.५ अँगस्ट्रॉमची एक खूण दिसायलाच हवी. त्यांनी प्रयोगशाळेत जाऊन घोड्याचा केस क्ष-किरणांसमोर धरला. खूण होती. इतकी वर्षं कोणी त्या कोनात बघितलंच नव्हतं. ५.१ आणि ५.४ चा घोळ नंतर सुटला. लोकरीत हेलिक्स एकट्या नसतात, वेणीसारख्या एकमेकींभोवती पीळ घेतात, त्यामुळे त्या थोड्या कलतात आणि माप आखूड दिसतं.

आता रेयॉनवाले येतात

पॉलिंग थांबलेले असताना इंग्लंडमध्येच दुसरीकडे काही चाललं होतं. कोर्टोल्ड्स ही व्हिस्कोस रेयॉन बनवणारी मोठी कंपनी. शहाड-मोहोन्याला जे बनायचं त्याच जातीचा धंदा. या कंपनीने मेडनहेडला मूलभूत संशोधनाची प्रयोगशाळा काढली होती. कारखान्यात कृत्रिम पॉलीपेप्टाइड साखळ्या तयार करता आल्या तर त्यांचा नवा धागा काढता येईल का, हा त्यामागचा हिशेब.

तिथल्या एलियट आणि अँब्रोज यांनी या साखळ्यांच्या पातळ पापुद्र्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकला. १९५० मध्ये त्यांनी दाखवलं की साखळी वळलेली असेल तर ती एका विशिष्ट जागी प्रकाश शोषते आणि ताणलेली असेल तर वेगळ्या जागी. रसायन तेच, फक्त घडी वेगळी, आणि प्रकाशाला ती घडी कळते. धागा काही बाजारात धुमाकूळ घालायला आला नाही. पद्धत मात्र राहिली.

थरथर म्हणजे नेमकं काय?

दोन अणूंमधला बंध म्हणजे एक स्प्रिंग आणि अणू म्हणजे तिच्या टोकाची वजनं. ही स्प्रिंग कधीच स्थिर नसते. स्प्रिंग किती ताठ आणि वजन किती जड यावर तिच्या हेलकाव्यांचा वेग ठरतो. प्रत्येक प्रकारच्या बंधाचा आपापला वेग.

इन्फ्रारेड प्रकाशाची लाट त्याच वेगाने आली की बंध तिची ऊर्जा गिळतो. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला तर तो उंच जातो, वेळ चुकली तर नाही, तसंच. यंत्र फक्त एवढंच मोजतं, की कोणत्या वेगाचा प्रकाश कमी होऊन बाहेर आला. त्याचा आलेख म्हणजे वर्णपट.

वेग सांगायला शास्त्रज्ञ एक वेगळं माप वापरतात. एका सेंटिमीटरमध्ये प्रकाशाच्या किती लाटा बसतात ते. प्रथिनांमधला कार्बन-ऑक्सिजन बंध साधारण १६५० लाटांच्या जागी शोषण दाखवतो. या पट्ट्याचं नाव अमाइड-१. हेलकाव्यात मोजायचं तर सेकंदाला सुमारे ५० लाख कोटी वेळा.

आता मुद्द्याची गोष्ट. अल्फा हेलिक्समध्ये हा पट्टा साधारण १६५० ते १६५७ ला दिसतो. बीटा शीटमध्ये खाली सरकून १६२० ते १६४० च्या दरम्यान येतो. लोकर आणि रेशीम इथे वेगळे पडतात, जिथे लायटर हरला होता.

हा सरकण्याचा खेळ का होतो? दोन कारणं. एक, हायड्रोजन बंधाने ऑक्सिजनला बाहेरून ओढलं की कार्बन-ऑक्सिजनची स्प्रिंग थोडी सैल होते आणि तिचा वेग उतरतो. ही ओढ कमी-जास्त असेल तसा वेग बदलतो. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. हे बंध एकेकटे थरथरत नाहीत.

डोंबिवलीच्या फडके रोडवर गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोलपथक बघितलं असेल. पथकातला प्रत्येक जण आपला ढोल वाजवतो, पण शेजाऱ्याच्या ठेक्याने बांधलेला असतो. तुम्हाला ऐकू येतो तो एका ढोलाचा नाही, अख्ख्या पथकाचा ठेका. हेलिक्समध्ये सगळे कार्बन-ऑक्सिजन बंध जवळपास एकाच दिशेला, जिन्याच्या अक्षाला समांतर उभे असतात. बीटा शीटमध्ये ते अक्षाला आडवे असतात. रांग बदलली की शेजाऱ्याचा प्रभाव बदलतो आणि पथकाचा एकत्रित ठेका सरकतो. उपमा इथेच सोडलेली बरी, कारण रेणूंचा ठेका क्वांटम नियमांनी चालतो आणि ढोलपथकाचा पोलिसांच्या परवानगीने.

बंधांच्या या दिशेचा एलियट आणि अँब्रोज यांनी फायदा घेतला होता. त्यांनी फक्त एकाच दिशेत डोलणारा प्रकाश वापरला. साखळ्या उभ्या लावल्या आणि प्रकाश उभा डोलवला, तर वळलेल्या साखळीचा अमाइड-१ पट्टा ठळक झाला. प्रकाश आडवा केला की फिका. ताणलेल्या साखळीत बरोबर उलटं. म्हणजे बंध कुठे तोंड करून उभे आहेत हेसुद्धा कळलं.

पुढे या सगळ्याचं सविस्तर गणित मांडलं गेलं. मिशिगन विद्यापीठातले सॅम्युअल क्रिम यांचं त्यात मोठं काम आहे. १९८६ मध्ये पेप्टाइड, पॉलीपेप्टाइड आणि प्रथिनांच्या कंपनांवर त्यांनी लिहिलेला दीर्घ लेख आजही या विषयाचा पाया मानला जातो. त्यावर दुसरं नाव आहे जगदीश बांदेकर. आडनाव वाचून कोकण-गोव्याकडच्या वाचकांची मान वर झाली असेल.

रामन इथे कुठे बसतात?

थरथर बघायची दुसरी वाट भारतातून गेली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला दाखवलं की पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. जेवढी ऊर्जा बदलली तेवढी रेणूच्या थरथरीने घेतली किंवा दिली. आपला विज्ञान दिन तोच.

प्रथिनांसाठी रामन पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. पाणी. इन्फ्रारेडमध्ये पाण्याचा स्वतःचा पट्टा १६४५ च्या आसपास, म्हणजे बरोबर अमाइड-१ च्या डोक्यावर येऊन बसतो. ओला नमुना दिला की प्रथिनाचा आवाज पाण्याच्या गोंगाटात हरवतो. त्यावर उपाय म्हणून जड पाणी वापरतात. रामन पद्धतीत मात्र पाणी फार बोलत नाही. शिवाय केसातल्या दोन गंधक अणूंमधला बंध रामनला ५१० च्या आसपास स्पष्ट दिसतो, तो इन्फ्रारेडला नीट दिसत नाही.

पाण्याचा त्रास यंत्रालाही होतो. इन्फ्रारेड यंत्रात पोटॅशियम ब्रोमाइडचे भाग असतात. ते जवळपास मिठासारखे. जुलै महिन्यात आपल्याकडच्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच त्यांचं होऊ नये म्हणून आत ओल शोषणारी पुडी ठेवावी लागते.

रामन यांचेच विद्यार्थी गो. ना. रामचंद्रन. १९५४ मध्ये मद्रासला त्यांनी आणि गोपीनाथ कर्था यांनी कातडी आणि स्नायूबंधात असणाऱ्या कोलॅजनची रचना मांडली. तिथे तीन साखळ्या एकमेकींभोवती वळतात. त्यासाठीचा नमुना होता कांगारूच्या शेपटीचा. साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या नाही, याचा रामचंद्रन नकाशा १९६३ चा, आणि तो आज जगभरातल्या जीवरसायनाच्या पुस्तकांत असतो.

तुमच्या केसांचा यात काय संबंध?

बराच. पावसाळ्यात कल्याण लोकलमधून उतरेपर्यंत केसांचं घरटं होतं ते या हायड्रोजन बंधांमुळे. हवेतलं पाणी केसात शिरतं, जुने बंध सोडवतं, केस सुकताना नवीन जागी बंध पडतात. आंघोळीनंतर केस जसे वाळवाल तसे बसतात त्याचंही कारण तेच. हे बंध तात्पुरते असतात, पुढच्या आंघोळीला परत सुटतात. गंधकाचे बंध पक्के असतात, पार्लरमध्ये कुरळे किंवा सरळ करण्याची रसायनं तेच तोडतात.

स्ट्रेटनरचं गणित वेगळं. कोरड्या केसातली हेलिक्स साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास कायमची मोडते. बाजारातली बरीच यंत्रं तिथपर्यंत जातात. केस ओला असेल तर ती याच्या खूप आधी, दीडशे अंशांच्या आसपासच मोडायला लागते. ओल्या केसांवर इस्त्री फिरवल्यावर जो चर्रर्र आवाज येतो, तो चांगला आवाज नाही. ब्लीच केलेल्या केसात गंधकाचे बंध ऑक्सिजनने तुटलेले असतात आणि इन्फ्रारेडमध्ये १०४० च्या जवळ नवा पट्टा उगवतो. केस किती खराब झालाय हे आरशाआधी आलेखात दिसतं.

आणि केराटिन ट्रीटमेंट? नाव ऐकून वाटतं की तुमच्या केसात नवी स्प्रिंग भरली जाते. तसं होत नाही. बाहेरून लावलेल्या केराटिनचे तुकडे केसाच्या आतल्या हेलिक्सची जागा घेत नाहीत. केस सरळ राहतात ते उष्णता आणि रसायनामुळे. यातल्या काही उत्पादनांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं, जे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसात कॅन्सर करणारं म्हणून नोंदवलं आहे. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्लाची क्रीम आली. मार्च २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या महिलेची केस छापून आली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा सलूनमध्ये केस सरळ करून घेतल्यावर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हे आम्ल १० टक्के होतं. संशोधकांनी तीच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावली तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे सापडले. त्यामुळे "फॉर्मल्डिहाइड फ्री" एवढं वाचून खुर्चीत बसू नका. डब्यावरची यादी मागा, डोक्याला आग व्हायला लागली तर तिथेच थांबवा.

मग शालीचं काय?

आता परत त्या शालीकडे. आजच्या यंत्रात धागा हिऱ्याच्या छोट्या खड्यावर दाबून धरतात आणि मिनिट-दोन मिनिटांत आलेख येतो. लोकर असेल तर अमाइडचे पट्टे दिसतात. अ‍ॅक्रिलिक असेल तर २२४० च्या जवळ एक टोकदार खूण उगवते, जी लोकरीत नसते. पॉलिस्टर १७१५ च्या आसपास ओरडून सांगतं. व्हिस्कोस म्हणजे रेयॉन, म्हणजे लाकडाचा सेल्युलोज. त्यात प्रथिनच नाही, त्यामुळे अमाइडची जागा रिकामी. आणि पश्मिना म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त शालींमध्ये व्हिस्कोस भरपूर सापडतं.

पण एक गोष्ट हा प्रकाश सांगू शकत नाही, आणि रील बनवणाऱ्यांनी ही नीट ऐकावी. लडाखच्या बकरीची पश्मिना १२ ते १६ मायक्रॉन जाडीची असते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या घोंगडीचं केस त्याच्या कितीतरी जाड, अंगाला टोचणारं. भावात तर तुलनाच नको. तरी इन्फ्रारेडला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. तेच केराटिन, तीच हेलिक्स, तोच पट्टा. पश्मिना की मेंढीची मऊ लोकर हे ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याची जाडी आणि वरचे खवले बघावे लागतात, किंवा डीएनए तपासावा लागतो. त्यामुळे कोणी दुकानदार "लॅब टेस्टेड" म्हणून फक्त लोकर असल्याचा कागद दाखवत असेल तर तो कागद शाल लोकरीची आहे एवढंच सांगतो, पश्मिना असल्याचं नाही.

मिश्रणात लोकर किती टक्के हे शोधायची प्रयोगशाळांमधली पद्धत तर फारच सरळ आहे. कापडाचा तुकडा वजन करून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात टाकतात. लोकर त्यात अक्षरशः विरघळून जाते, पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं. उरलेलं धुऊन, वाळवून परत वजन करायचं. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे घरातलं कपड्यांचं ब्लीच. लोकरीच्या स्वेटरच्या लेबलवर फुली मारलेला त्रिकोण असतो तो यासाठीच.